बॅगेच्या कोपऱ्यातली वाळू

मे संपला की माझा सीझन.
लोक फिरून येतात, बॅगा माझ्याकडे येतात:
मोडक्या मुठीच्या, एक चाक हरवलेल्या,
चेन जबडा उघडून पडलेल्या.
पांगुळ गल्लीच्या तोंडाला चार फुटांची जागा,
पाटी कन्नडात, रंगानं.
खाली मराठी, खडूनं.
पाऊस आला की वरचं तेवढं उरतं.

बॅग आली की आधी उलटी करतो.
गिऱ्हाईक म्हणतं, रिकामीच आहे.
रिकामी बॅग कुठं असते हो.
तारकर्लीची वाळू पिठासारखी, बोटाला धरते.
गोकर्णची जाड, किंचित तांबूस.
अंदमानच्या वाळूत पोवळ्याचा चुरा,
सुईखाली आली की कर्र वाजते.
हंपीहून आलेल्या बॅगेत वाळू नाहीच,
चाकांच्या आसाला लाल माती घट्ट.
विजापूरच्या एका बॅगेत गोलघुमटाची तिकिटं निघाली,
दोन फाडलेली, एक अख्खं.
तिसरं माणूस बाहेरच बसलं असणार, चपला राखत.

आजा माझा खोगिरं शिवायचा.
घोडं किती लांब जाऊन आलं ते म्हणे
पट्ट्यावर वाळलेल्या मिठावरून सांगायचा.

गेल्या साली हुक्केरीच्या मठपती बाई आल्या, तणतणत.
तुमची चेन, री, पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर फाटली!
चारचौघांत कपडे बाहेर,
ह्यांचा लेंगा समुद्रात गेला तो गेलाच.
मी मान खाली घालून दोरा ओवला.
पैसे घेतले नाहीत.
खरं मनात म्हटलं,
माझा टाका अंदमानपर्यंत टिकला की.
मी गेलो ते चोर्ल्याच्या घाटापर्यंत,
वऱ्हाडाच्या टेंपोत, तेही धुक्यात.
ड्रायव्हर म्हणाला, खाली तिकडं गोवा.
आम्ही सगळे पांढऱ्याकडं बघून हो म्हणालो.

मग शालनच्या भिशीतल्या बायकांनी मुरुडेश्वर ठरवलं.
बोटीतून बेट लांबून दाखवणार, माणशी अडीच हजार.
आदल्या रात्री कळलं
घरात एक बॅग धड नाही.
नऊ वाजता दुकान परत उघडलं.
जुन्या निळ्या बॅगेला दुहेरी शिवण,
दोऱ्याला मेण, खोगिराला लावायचे तसं,
कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, नवा पितळी रनर.
समुद्र फाटेल, ही नाही फाटायची, म्हटलं.
बरं बरं, येतो मी, म्हणाली,
गॅस बंद करत जावा.

तीन दिवस. भात दोनदा करपला.
फोनवर फोटो आला: सात बायका,
साड्या खोचून, पाणी घोट्यापर्यंत,
एकमेकींचे दंड धरून ओरडताहेत.
मागं वाळूवर बॅग, कलती, बंद.
बोटांनी फोटो मोठा केला.
शिवण बघितली.
मग तिला बघितलं.

पहाटेच्या बसनं आली.
केस चिकट, टाच सोललेली, हातात ओल्या काजूची पिशवी.
ती झोपल्यावर बॅग उलटी केली.
कोपरे चाचपले. आस्तर ताणलं.
कण नाही.

चहा पिताना सहज विचारलं.
झाडली की मी, म्हणाली,
होन्नावरच्या स्टँडावर, दोन डाव.
वाळूनं मशीन खराब होतंय म्हणून
वर्षभर तुम्हीच ओरडत असतासा.

खरंय म्हटलं, कप ठेवला.
दाराच्या खुंटीला तिची साडी, अजून न धुतलेली.
काठापासून वर, आडवी, वाकडीतिकडी
पांढरी रेघ मिठाची.
पटकन वीत लावली.
एक. दोन. तिसरी पुरली नाही.
गुडघ्याच्याही वर.

फोटो काढून झाल्यावर
आणखी आत गेली होती.