पंचावन्न मलोती

न्ताते लेफूने काउंटरवर ठेवला तेव्हा
तो मेणकागदात होता, तेलकट,
डब्यातल्या मासळीसारखा.
उघडून बघ, मालिनेओ, तो म्हणाला,
उघडायला पैसे पडत नाहीत.

नखाने खाच धरली. ओढलं.
कट्.
अजून थोडं. कट्.
मग तिसरा कट्, जरा उशिराने,
हाक मारल्यावर माझा थोरला येतो तसा.
पातं ताठ उभं.
पाठीवरच्या कडीत बोट घालून ती वर उचलली
तेव्हा कुठे मिटायला राजी झाला.
म्हणजे उघडताना बोलका, मिटताना हट्टी.
असली माणसं मला ओळखीची आहेत.

खोटं कशाला सांगू, पातं हलतं,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं.
मुठीचं लाकूड एका बाजूने गुळगुळीत,
दुसरी बाजू घासायच्या आत
कारागिराची जेवणाची सुट्टी झाली असणार.
पण त्याच लाकडात पितळेची चंद्रकोर बसवलीय
आणि पाच तारे. मी मोजले.
पाचवा तिरका.
तिरक्या ताऱ्याचे दोन मलोती कमी कर, म्हटलं.
नाही केले.

आणि धार? ती घरूनच आणायची असते बहुतेक.
पिशवीची सुतळी त्याने कापली नाही, चावली.
टॅक्सी भरायला तास लागतो मासेरूत,
तोवर दुकानाच्या पायरीवर, सिमेंटवर,
थुंकी लावून घासत बसले.
पातं कुरकुरलं, मीही कुरकुरले,
शेवटी हाताच्या पाठीवरची लव निघाली
तेव्हा दोघंही गप्प झालो.

मोलिमो न्थुसे.
‘देवा, हात दे’ असं त्या घाटाचंच नाव.
पंधरा जणांच्या गाडीत अठरा आम्ही,
पहिल्या गिअरमध्ये.
रेडिओ खालीच राहिला दरीत.
त्या शांततेत मला भूक लागली.
पीच काढलं, चाकू काढला.

कट्.
कट्.

कट्.

पुढच्या सीटवरच्या पोराची मान आखडली.
ड्रायव्हर रमोखेलेचे डोळे आरशात आले.
शेजारणीने लेकरू ब्लँकेटच्या आत ओढलं
आणि वरची पिन लावून टाकली,
पिनेने काय थांबणार होतं कोण जाणे.
हा आवाज सगळ्यांना पाठ आहे इकडे.
पगाराच्या रात्री, गुत्त्यामागच्या अंधारात
पहिल्या कट्‌ला पळायचं असतं.
माझ्या भावाने तिन्ही ऐकले होते,
वेल्कॉमला, खाणीच्या वस्तीत.

मी पीच सोलत होते.

साल एकसंध निघाली, लांब,
मनगटावरून रस कोपरापर्यंत गेला.
एक फोड पात्यावरच पुढे धरली, मग लक्षात आलं,
उचलून बोटांत घेतली. कुणाला?
कुणी हललं नाही.
मग ब्लँकेटच्या फटीतून एक हात आला,
पाच बोटं, त्याला तोंड नाही, डोळे नाहीत,
फोड घेऊन परत आत गेला.
पोराने कानातली वायर काढली.
म्हणाला, मे, साल टाकणार आहेस का?
रमोखेलेने वळणावर, रस्त्यावरची नजर न काढता,
हात मागे पसरला.
घाट संपेस्तोवर सहा पीच संपले,
उद्या विकायला चौदाच.

घरी आले तर पात्यावर निळे-काळे डाग,
पीच लोखंडाला चावतं हे कुणी सांगितलं नव्हतं.
तेलाचा वास गेला होता.
कंदिलापाशी पुसायला घेतला
तर तिरका तारा जागेवर नाही,
खळगा तेवढा, त्यात रस सुकलेला.
गाडीत सांडला असेल, सीटखाली,
किंवा त्या लेकराच्या मुठीत.

थोरला दारात उभा. दाखव, म्हणाला.
मी कडीत बोट घातलं, हळू मिटला,
आणि दिला नाही.