शिल्लक पुढे ओढली

एकतीस वर्षं हिरव्या शाईनं लिहीत आलो
जिल्हा परिषदेच्या वाळवी लागलेल्या फायलींवर:
पावती जोडलेली नाही.
मोजमाप पुस्तिका सादर नाही.
सदर खर्च कोणत्या गरजेपोटी, खुलासा व्हावा.

खुलासे आले नाहीत.
बदल्या आल्या. सेलू, कळमनुरी, भोकर,
फिरून सेलू.

आता संध्याकाळी मुंजाजी लोहटच्या हॉटेलात बसतो.
टीव्हीवर अर्थसंकल्प चालू, आवाज बंद,
कढईचा आवाज पुरतो.
खालच्या पट्टीवरून लाख कोटी पळत जातात.
मुंजाजी झारा हातात धरून विचारतो,
काका, लाख कोटीला शून्यं किती?
मी बोटांची पेरं मोजतो. बारा.
म्हंजी मला तेल केवढ्याला पडंल?

पोरं मला जुन्या मताचा म्हणतात.
असेन.
मला वाटतं, राज्य करणाऱ्याला
डबा न उघडता, नुसता हलवून कळावं
आत ज्वारी किती उरली.
मला वाटतं, फुकट असं काही नसतं,
ते कोणाच्या तरी नावे पडलेलं असतं,
एवढंच, की तो खातेदार अजून पाळण्यात आहे,
त्याची सही घेता येत नाही.

दिल्लीत कोण बसावं याचं माझं मत ठरलेलं आहे.
ते मी बोटाला शाई लावून देतो, चौकात देत नाही.
पण माझा असो की दुसऱ्याचा,
निवडून आला की आधी कमान बांधतो.
आमच्या रस्त्यावर तीन कमानी झाल्या,
तिघांची नावं, तीन रंग.
रस्ता एकच, तोही पहिल्या कमानीपर्यंत.

वाजिद मास्तरांना हे पटत नाही.
सरकार म्हणजे किराणा दुकान नाही, ते म्हणतात,
दुष्काळात टँकर काय मोंढ्यानं पाठवला होता?

टँकर मी तपासलेत, मास्तर.
एका दिवसात एका टँकरच्या बावीस खेपा,
नंबर काढला तर स्कूटरचा.

मास्तर हसले. चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, खऱ्या खेपा किती होत्या?
चार असतील.
त्या चारांतल्या दोन घागरी आमच्या दारात उतरल्या.
अम्मीचा शेवटचा गुस्ल त्यातनंच झाला.

यावर लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.
मुंजाजीनं न सांगता दोन चहा ठेवले.

आजोबांच्या ट्रंकेत हाली नोटांचं एक पुडकं आहे.
पोलीस ॲक्शननंतर बदलून घ्यायला मुदत होती,
ते गेले नाहीत.
ज्यावर दरबाराची सही, तो कागद मरेल कसा,
म्हणायचे, आणि पुडक्याला नवा दोरा बांधायचे.
पुढे दोरा तेवढा शाबूत राहिला.
काटकसरीतला काटा मोंढ्यातल्या तराजूसोबत गेला,
कसर आजोबांच्या नोटांना लागली.
कोणी नवं चकचकीत वचन दिलं की
मला त्या ट्रंकेचा वास येतो.
याला मत म्हणतात की सवय, मला ठाऊक नाही.

एक तारखेला खिशात फोन वाजतो.
निवृत्तिवेतन जमा, महागाई भत्ता वाढीव.
ज्या तिजोरीवर मी दिवसभर बोलतो
तिचाच तुकडा.
कौसल्येची इन्सुलिनची कुपी त्यातनंच येते,
मुंजाजीची उधारी त्यातनंच फिटते.

घरी येऊन वही उघडली. तीच शाई.
सदर खर्च कोणत्या गरजेपोटी,
खुलासा व्हावा.

आक्षेप माझ्याच नावे निघाला आहे.
उत्तराला मुदत मागितली,
मीच दिली.

भजी बाराची पंधराला झाली,
हेही लिहून ठेवलं.