ड्रोसोमीटर

हा शब्द अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होता,
धानोरकर साहेबांना.
निवृत्तीच्या दिवशी किल्ल्यांच्या जुडग्यासोबत
तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.
"ड्रोसो म्हणजे दव, ग्रीक लोकांचं," म्हणाले,
"कुणी विचारणार नाही.
विचारलंच, तर सांगा."

सतरा हिवाळे झाले.

यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही.
वीतभर लाकडी ठोकळा, तांबडा रंग दिलेला,
ना काटा, ना पारा, ना काच.
दिवस बुडाला की फळीवर मांडायचा
आणि पहाटे, ऊन लागायच्या आत,
त्याच्यावरचे थेंब ताडून बघायचे
एका जुनाट वहीतल्या फोटोंशी.
मोहरीएवढे, राळ्याएवढे, ज्वारीच्या दाण्याएवढे.
वहीत असं लिहिलेलं नाही, वहीत आकडे आहेत.
दाणे माझे.

अंबाजोगाईहून घाट उतरलं की काळी रानं लागतात,
त्यांच्यात आमचं तारेचं कुंपण.
आत पर्जन्यमापक, तो सगळ्यांचा लाडका.
जूनपासून त्याच्यासाठी फोन घणघणतो,
तहसीलचा, पेपरवाल्यांचा,
कुणा पुढाऱ्याच्या भाच्याचा.
दवासाठी अजून एकही आला नाही.
शून्य पूर्णांक दोन मिलिमीटरवर
बांधाची भांडणं होत नाहीत.
तरी इथला शाळू त्याच्याच भरवशावर निसवतो.
रात्रभर पोंग्यात काहीतरी उतरत राहतं
आणि कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

कुंपणापलीकडं केराबाईचा हरभरा.
ती धुतलेलं धडुतं रात्री घाट्यांवर पसरते,
उजाडायच्या आत पिळते.
आंब. पोटदुखीवर.
"तुमचं किती भरलं?"
शून्य पूर्णांक दोन, मी म्हणते.
"आन् माजं अर्धी शिशी.
तुमच्या ठोकळ्यात दम न्हाई बगा, मॅडम."
आभाळ आलं की मात्र
दोघींचंही कोरडं.
त्या सकाळी ती माझ्याकडं बघत नाही,
मी तिच्याकडं.

बावीस डिसेंबरला ठोकळ्यावर बोट फिरलेलं होतं.
थेंब पुसत गेलेली एक रेघ,
तीन दाते, मग एक पोटाळं वळण,
वर तीन टिंबं.
वहीत असला फोटो नव्हता.

वॉचमन महेबूबभाईंची शब्बू
तारेला टेकून उभी, एक हात पाठीमागं.
"हे काय काढलंस?"
"शीन."
"म्हणजे?"
"मेरे नाम का."
"मग बाकीचं नाव?"
"धूप आ गई ना."

तिचं पूरं नाव मला दुपारी कळलं, डबा खाताना.
शबनम.
मला शबनम म्हणजे खांद्यावरची झोळी ठाऊक,
कॉलेजात होती माझ्याकडं, खादीची.
महेबूबभाईंनी अर्थ सांगितला,
भाकरी मोडता मोडता, सहज,
आणि लोणचं पुढं सरकवलं.

नियम असा, की बोट लागलेलं वाचन बाद.
रकान्यात फुली, शेऱ्यात कारण.
फुली मारली.
शेऱ्यापाशी पेन टेकलं ते तिथंच,
शाईचा ठिपका पसरत गेला,
वहीतल्या सगळ्यात मोठ्या फोटोएवढा झाला.
मग लिहिलं: दव होते.

संध्याकाळी ठोकळा मांडायला गेले
तर ती आधीच फळीपाशी.
"इसकू क्या बोलते?"

सतरा हिवाळ्यांनंतर
मी घसा साफ केला आणि सांगितलं.
तिनं एकदा म्हणून पाहिलं, जीभ अडखळली,
पुन्हा पाहिलं, हसली, सोडून दिलं.
मग तांबड्या लाकडावर तळवा ठेवून,
लगेच आठवण होऊन उचलून घेऊन,
म्हणाली,
"अब्बी तो सूखा है."