जागच्या जागी

हर्णैच्या बंदरावर दिवसभर हेच करते मी:
कोळंबी वेगळी, बांगडा वेगळा,
माकूल तिसऱ्या टोपलीत.
हात न बघता निवडतात.

म्हणून घरीही तीन क्रेट आणले, मासळीचेच, निळे.
लिंबाने घासले, दोन दिवस उन्हात टाकले,
तरी वास आहेच थोडा.
पहिल्यात गाड्या. दुसऱ्यात भातुकली.
तिसऱ्यात ज्यांचं काय करावं कळत नाही ते:
एका हाताची बाहुली, उंडीच्या बिया,
करवंटीचा तराजू,
जत्रेतली न वाजणारी पिपाणी.

रेवू ऐकते हल्ली.
माठाखालचा हत्ती (त्याला ताप होता म्हणे),
तांदळाच्या डब्यात लपलेला पोलीस,
सगळे धरून आणते, आत टाकते
माझ्याच आवाजात: एक वार, दोन वार, तीन वार!

फक्त होडी नाही.
पांगाऱ्याच्या लाकडाची ती, उंबऱ्यात,
तोंड घराकडे.
"आत टाक गं, पायाखाली येईल कोणाच्या."
"बाबा कुठे आलेत अजून?"
जसं काही एवढाही नियम मला ठाऊक नाही.

रात्री खरकटं टाकायला निघाले, अंगठा ठेचला.
शिवी दिली. होडीला की कोणाला, देव जाणे.
उचलली, दुसऱ्या क्रेटात फेकली,
दिवा मालवून आडवी झाले.

मग उठले परत.
चूल, कढई, कपबश्या,
त्यांच्याखालून ती काढली.
अंधारात नाळ बोटांनी चाचपली,
घराकडे केली.
डोलकाठी कलली होती जराशी,
ती मात्र तशीच राहू दिली.

पहाटे टोपली डोक्यावर,
पाय उंच उचलून ओलांडली.