पांढरं टिंब

कोर्टनाक्यावरच्या आमच्या दुकानात
आता मशीनच ठरवतं
दोन ओळींत किती श्वास घ्यायचा.
बटण दाबलं की समास सरळ,
रिकाम्या ओळी गायब,
चार पानांचा मजकूर तीनवर.
झेरॉक्सचे दोन रुपये वाचतात.

कळव्याच्या चांगुणाबाई भोपी
वारसांची यादी घेऊन आल्या.
पाच नावं. तिसऱ्याच्या खाली, म्हणाल्या,
एक ओळ मोकळी ठेव.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

मी ओळ सोडली, त्याने मिटवली.
पुन्हा सोडली. पुन्हा मिटवली,
जेवणारा अजून यायचा असताना
कुणी ताट उचलून ठेवावं तशी.

माझे वडील जुळारी, उथळसरच्या छापखान्यात.
शब्दांच्या मधे शिशाचे कोरे तुकडे घालायचे,
खिळ्यांहून बुटके, शाई न लागणारे.
म्हणायचे, उचलून बघ,
कोऱ्यालाही वजन असतं.

शेवटी त्या ओळीत एक टिंब दिलं
आणि टिंबाला पांढरा रंग.
मशीन गप्प बसलं.

चांगुणाबाईंनी कागद उजेडाला धरला,
मोकळ्या ओळीवरून बोट फिरवलं.
तेवढ्याने सहीची जागा
चौथ्या पानावर गेली होती.
दोन रुपये जास्त होतील, म्हटलं.
त्यांनी सुटे आधीच काढून ठेवले होते.