भटूचे गहू

फोन डब्यात आला. पत्र्याच्या, कळण्याच्या पिठाच्या.
कोणी तिला सांगितलं होतं, तांदळात ठेव, पाणी ओढून घेतात.
तांदूळ घरात नव्हते.

बोरी नदीवर गोधड्या धुताना पोलक्यातून सटकला.
कानबाई बसायच्या आधीची धुणी,
सगळं अमळनेर तेव्हा दोरीवर वाळत असतं.
मी पाहिलं तर चार्जिंगच्या भोकात
उडीद-ज्वारीचा गोळा, घट्ट,
थापायचाच काय तो बाकी.

"चालू करून पाहिला?"
"धा डाव."

हेच तर करायचं नसतं, कौतिकबाई.
नुसतं पाणी फोनला मारत नाही.
ओल्यात वीज सोडली की तांबं हिरवं पडतं,
आतल्या आत, कुणाला न सांगता.

नवा घ्या म्हणालो, एवढ्या खर्चात जुना-पुराणा मिळून जाईल.
त्यांना फोन नकोच होता.
त्यात भटू होता. एकोणीस सेकंदांचा.

भटू उधन्याला साड्यांच्या घड्या घालतो.
दोन वर्षं घरी पाय नाही, काकांशी बोलणं नाही.
शनिवारी रोटाचे गहू मोजायचे होते,
भाऊबंदकीत जितके पुरुष तितक्या सव्वा-सव्वा मुठी,
आणि थोरले दीर म्हणाले होते,
जो येत नाही त्याची मूठ कशाला?

"मग त्याला सांगा ना, परत पाठव म्हणून."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी लहान पोर असल्यासारखं.
"एकदाच बोलना तो, भाऊ."

तो बुधवार.
बॅटरी काढली. बोर्ड अल्कोहोलमध्ये बुडवला,
माझ्या पोराच्या जुन्या टूथब्रशनं घासला,
पीठ निघालं, पिठाखालची नदी निघाली,
वाळूचे तीन कण.
गुरुवारी भिंगाखाली दिसलं ते हिरवं,
आणि त्या हिरव्यात जळालेला एक कपॅसिटर,
तिळाच्या निम्मा.
तेवढ्यानं सगळं अडवून धरलेलं.
तो उपटला. एका मेलेल्या फोनमधला त्याच्या जागी बसवला.
शुक्रवारी लाइट गेली. दीड तास शटरशी बसून राहिलो,
समोरचा रसवाला म्हणाला, इतकं काय आहे त्यात?
मी म्हणालो, गहू.

लाइट आली तेव्हा काटा हलला.

दुसऱ्याच फोनची स्क्रीन जोडली, पॅटर्न विचारायला बाईंच्या शेजारी फोन लावला.
"चूल काढा," त्या म्हणाल्या.
वरून खाली, आडवं, परत वर.
उघडलं.

दोन हजार तीनशे अकरा फोटो.
त्यातले दोन हजार तरी शुभ सकाळ, गुलाब, सूर्य.
एक शेळी. अंगठा, पुष्कळदा.
मग भटू. मागं यंत्रांचा खडखडाट,
"माय, माले सुट्टी नही. मना गहू मोजजो."
एवढंच, आठ सेकंदांत.
उरलेली अकरा सेकंदं नुसती यंत्रं.
बोलून झाल्यावरही त्यानं बोट उचललं नव्हतं.

तीन ठिकाणी उतरवून घेतलं.
चौथ्यांदा काटा शून्यावर गेला तो गेलाच.

शनिवारी सकाळी शेजारणीच्या फोनमध्ये टाकून दिलं.
दुकानात ऐकलं नाही त्यांनी.
"आवाज मोठा येई ना? दिराले कमी ऐकू येस,"
एवढं विचारलं, आणि फोन रुमालात बांधला,
गाठ दोनदा तपासली.

मंगळवारी आल्या. रोट परक्याला देत नाहीत,
मला ठाऊक आहे, मी काही आशा धरली नव्हती.
किलोभर कळण्याचं पीठ काउंटरवर ठेवलं.
"फोनवालं नही शे," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

गव्हाचं काय झालं, मी विचारलं.
"दीर म्हने, पुन्हा लाव."
"किती वेळा?"
"धा डाव."

पुढं काही बोलल्या नाहीत. मीही नाही.
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, फुटकी काच घेऊन.

त्यांचा फोन अजून माझ्याकडेच पडलाय.
स्पीकरच्या जाळीतलं पीठ
सिमेंटसारखं धरलंय.
रिकामा असलो की सुईनं टोकरत बसतो.