कुठली नळी कुठे जाते

एप्रिल. कोर्पोच्या धक्क्यामागे
लाकडी टेकूंवर उभी आहे आमची 'लुम्मे'.
वय एक्केचाळीस, किंवा चव्वेचाळीस;
दोन कागदांवर दोन सालं.
खाडीतला बर्फ गेल्या मंगळवारी सुटला.
मी संडासामागच्या कप्प्यात
कमरेपर्यंत घुसलेली,
दातांत टॉर्च.

विकणाऱ्या एस्कोने नकाशा दिला होता,
पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने:
भांडं, पंप, टाकी, समुद्र,
मध्ये बाण, शाळेतल्या जलचक्रासारखे.
नकाशात नळ्या तीन.
आत पाच.

समुद्राकडे जाणारी बंद करायची, तसा कायदाच आहे.
तिचा पितळी कॉक हलत नाही.
मी त्याला तेल पाजलं, शिव्या घातल्या,
पुन्हा तेल पाजलं.

चौथी नळी पाण्याच्या टाकीखालून वळसा घेते,
इंजिनामागे जाते
आणि संपते.
तोंडात वाइनच्या बाटलीचं बूच,
वर चिकटपट्टीचे सात वेढे.
कुणाचा तरी अख्खा रविवार
इथे येऊन थांबलेला.

आणि वास.
नाकाला विचारून काही कळत नाही,
नाक सगळ्यांनाच हो म्हणतं.
बोटींच्या दुकानातली यार्विक म्हणाली,
फडकं गरम पाण्यात पिळ, नळीला गुंडाळ,
गार झालं की उघड्यावर नेऊन हुंग.
प्रत्येक नळीला वेगळं फडकं, आळस करू नकोस.

पाच फडक्यांसाठी
ऑस्सीच्या वडलांचा जुना पायजमा फाडला.
ऑस्सी बघत होता.

सोळा वर्षांचा आहे. नाताळपासून आमच्याकडे राहतो.
वडील मे महिन्यापर्यंत जहाजावर.
मला तो कुठल्याच नावाने हाक मारत नाही.
काही हवं असलं की
जवळ येऊन उभा राहतो,
माझं लक्ष जाईपर्यंत.

दुसरं फडकं हुंगून त्याने मान फिरवली
आणि माझ्यापुढे धरलं.
ही.

कापली तेव्हा आत दगड होता.
अडतीस मिलिमीटरच्या नळीत
पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली,
बाकी पांढरट, थरावर थर,
तीन मालकांचे उन्हाळे
मुतखड्यासारखे जमलेले.
ऑस्सीने थर मोजायला घेतले.
बाविसाव्याला कंटाळला.

नवी नळी तोटीवर चढेना.
किटलीभर उकळतं पाणी, त्यात तिचं टोक,
मऊ पडली की ढकल, तेवढ्यात पुन्हा कडक.
शेवटी तो भिंतीपलीकडे, इंजिनाच्या बाजूला,
मी अलीकडे.
मधल्या भोकातून मला दिसत होती
त्याची चार बोटं, काळी झालेली.
मी ढकलत होते.
पलीकडे काय चाललंय कळत नव्हतं.
त्यालाही येऊन उभं राहता येत नव्हतं.

बराच वेळ गेला.

मग भिंतीतून आलं:
"आयरी!
ढकलू नको. थोडी फिरव."

फिरवली.
बसली.
दोन पट्ट्या, दोन्ही स्क्रू उलट दिशांना.
मी काही म्हटलं नाही.
तोही पान्यासाठी हात पुढे करून
गप्प राहिला.

बादलीतलं पाणी ओढून पंप मारला:
दहा, अकरा, बारा.
आम्ही दोघं भांड्यात बघत राहिलो,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे.
पाणी चढलं, जरा रेंगाळलं,
मग एक ढेकर देऊन गेलं.
ऑस्सी धावत जाऊन टाकीवर हात ठेवून आला.
आलंय, म्हणाला.

रात्री लिंबू चोळून हात धुतले. तरीही.
टेबलावर त्याने नवा नकाशा काढला,
पट्टीने, मापांसकट.
चौथी नळी तुटक रेषेत;
तिच्या टोकाशी
एक छोटं बूच
आणि प्रश्नचिन्ह.